लाल झाकणातले अकरा तुकडे

मी एक जुना पझलचा डबा आहे, मित्रांनो. माझ्या झाकणावर ‘चित्रकोडे, ५०० तुकडे’ असे छापलेले आहे, पण घरात मला सगळे पझलच म्हणतात. माझे चारही कोपरे फाटले आहेत आणि त्यांना खाकी चिकटपट्टी लावलेली आहे. आतले तुकडे मात्र पाचशेच आहेत. त्यांतले चारशे एकोणनव्वद माझ्या जन्मापासूनचे आणि अकरा नंतर आलेले. त्या अकरांची हकीकत सांगावी म्हणून आज तोंड उघडले आहे, नाहीतर पलंगाखाली गप्प पडून राहणे हाच माझा स्वभाव.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. वेरूळच्या दहाव्या लेण्याचा फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून मला तयार केले. त्या लेण्याला आसपासचे लोक सुताराची झोपडी म्हणतात, कारण त्याच्या छताला घराला असावेत तसे वासे आहेत आणि ते सगळे दगडात कोरलेले आहेत. खाली स्तूपासमोर बुद्धांची भली मोठी मूर्ती बसलेली आहे. माझे ते गुळगुळीत रूप पाहून मला वाटले होते, आता कोणीतरी काच लावून मला भिंतीवर टांगणार. पण मला एका प्रेसखाली सरकवण्यात आले. वरून पोलादी पात्यांचा साचा खाली आला आणि एका दणक्यात माझे पाचशे तुकडे झाले. मला फार राग आला. चांगले चित्र करायचे आणि मग तुकडे करून विकायचे, हा कुठला न्याय? तो राग जायला पुढे बरेच दिवस लागले.

वेरूळला गाड्या उभ्या राहतात तिथल्या एका दुकानात मी काही महिने ऊन खात पडलो होतो. एका रविवारी तिथे एक कुटुंब आले. संघपाल वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस मशीन चालवत. त्यांच्या पत्नी निशाताई दुसऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला होत्या. मुलगी दीपमाला तेव्हा सहा वर्षांची होती. आणि संघपालच्या आई सत्यभामाबाई मूळच्या वेरूळच्याच. लेण्यांच्या आवारात त्यांनी वीस वर्षे झाडलोट केली होती. माझ्या झाकणावरचे चित्र पाहून त्या जागीच थबकल्या.

“अरे संघपाल, ही तर आपली झोपडी!” त्या म्हणाल्या. “इथं म्या किती वर्सं झाडलंय. घे रं हे.”

अशा रीतीने मी बजाजनगरला दोन खोल्यांच्या घरात आलो.

त्या घरात चार माणसे होती, पण चौघे एकत्र क्वचितच दिसत. संघपालची या आठवड्यात पहिली पाळी, पुढच्या आठवड्यात दुसरी. ते घरी येत तेव्हा निशाताई कामावर निघालेल्या असत. चार ताटे एका वेळी वाढली गेली तर सत्यभामाबाई हसून म्हणत, “आज काय सण हाय का?” त्यामुळे माझी पाळी यायची ती दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत. एका खोक्याची प्लायवूडची फळी संघपालनी घासून गुळगुळीत केली होती. ती फरशीवर टाकायची, तिच्यावर मला ओतायचे आणि चारी बाजूंनी चौघांनी बसायचे. अर्धे चित्र झाले की फळी तशीच पलंगाखाली सरकवायची.

पहिल्याच दिवशी दीपमालाने सगळे तुकडे एकत्र कालवले, तेव्हा संघपालनी तिला आपल्या कामाची रीत शिकवली. “कंपनीत कसं असतं सांगू का? पास झालेला माल हिरव्या ट्रेमध्ये. शंका असली तर पिवळ्यात. अन् लाल ट्रे म्हणजे रिजेक्ट. तिथला माल परत लाईनवर येत नसतो, थेट भंगारात जातो.”

“आमच्या पॅकिंगलाबी तसंच,” निशाताई म्हणाल्या.

मग जागा ओळखू आलेले तुकडे एका हिरव्या ताटात आणि न ओळखलेले मिठाईच्या पिवळ्या डब्यात पडू लागले. लाल ट्रेची घरात गरजच नव्हती, कारण माझ्यात खराब माल नव्हता. हे मी जरा अभिमानानेच सांगतो.

मित्रांनो, मी काही शाळेतला मास्तर नाही, पण एक गोष्ट त्या फळीवर बसून शिकलो. माणसे समोरासमोर बसली की बोलायला बिचकतात. तीच माणसे खाली मान घालून तुकडे शोधू लागली की मनातले आपोआप बाहेर पडते. निशाताईंना नर्स व्हायचे होते, हे दीपमालाला माझ्यामुळे कळले. सत्यभामाबाई पहिल्यांदा सही करायला शिकल्या तेव्हा त्यांनी घरातल्या पिठाच्या डब्यावरही सही केली होती, हे सगळ्यांना माझ्यामुळे कळले. गणिताचा नापासाचा पेपर दप्तरात लपवला आहे, हे दीपमालाने एक वासा शोधता शोधता सांगून टाकले. संघपालचा हात क्षणभर थांबला. मग ते म्हणाले, “आधी हा वासा कुठला ते सांग. गणिताचं मग बसून बघू.” आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच बसले.

लॉकडाऊनमध्ये कारखाने बंद पडले तेव्हा मी नऊ वेळा जोडला गेलो. बाहेर सगळीकडे भीती होती. त्या घरातही होती, पण फळीभोवती बसले की थोडी कमी वाटत असावी. शेजारपाजारचे लोक दारातून डोकावून म्हणायचे, “तुमचं बरं हाय, पोरगी मोबाईल मागत नाय.” मी मनातल्या मनात फुलून जायचो.

पुढे पोरगी मोबाईल मागू लागली आणि तिला तो मिळालाही. मग दोन दिवाळ्या आणि एक उन्हाळा मी पलंगाखालीच काढला. माझ्यावर धूळ बसली. एका पावसाळ्यात झाकणाला बुरशीही आली. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण घर नीट चालले होते, म्हणून मी तक्रार केली नाही.

या वर्षी जानेवारीत कारखान्यात अपघात झाला. प्रेसखाली संघपालच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली, अंगठ्याजवळचे आणि मधले. चूक माणसाची की यंत्राची, ते मला ठाऊक नाही. मला एवढेच कळले की ज्या जातीच्या यंत्राने मला घडवले, त्याच जातीच्या यंत्राने त्यांना जायबंदी केले. त्या दिवसापासून मला माझ्या जन्माची लाज वाटू लागली.

दवाखान्यातून आल्यावर संघपाल माझ्यावरच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. उजव्या हाताला सतत पांढरा रुमाल गुंडाळलेला. जखम भरली, टाके निघाले, तरी रुमाल निघाला नाही. जेवायचे तेही आतल्या खोलीत, डाव्या हाताने, चमच्याने. दीपमाला शाळेतून आली की हात पाठीमागे जायचा. ती आता बारा वर्षांची झाली होती. तिला सगळे समजत होते, पण काय बोलावे ते समजत नव्हते.

मे महिन्यात त्यांचे सुपरवायझर इंद्रजीत साहेब घरी आले. भला माणूस. चहा घेता घेता म्हणाले, “संघपाल, तपासणीच्या टेबलावर तुझ्यासाठी जागा धरून ठेवलीय. हलकं काम हाय. पण दोन जूनला हजर व्हावं लागंल, नाहीतर मला दुसरा माणूस बसवावा लागंल.”

संघपाल नुसते मान हलवत राहिले. साहेब गेल्यावर निशाताईंनी विचारले, “मग जाणार ना?”

“तपासणी म्हणजे एकेक पार्ट बोटांत धरून, गेज लावून माप बघायचं असतं,” ते म्हणाले. “धरायला बोटं लागतात निशा.” आणि ते पुन्हा भिंतीकडे वळले.

त्याच संध्याकाळी दीपमालाने मला पलंगाखालून ओढून काढले, ओल्या फडक्याने पुसले आणि फळी टाकली. “पप्पा, चला ना.”

“तुम्ही करा,” पलंगावरून आवाज आला.

मग तिघींनीच सुरुवात केली. खरे सांगतो, ती सुरुवात फार उदास होती. फळीची चौथी बाजू रिकामी होती आणि कोणी गप्पाही मारत नव्हते. छताचे वासे सगळे एकाच रंगाचे, एकासारखे एक. ते जुळवण्यात संघपाल तरबेज होते. दीपमालाने पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. अकरा तुकडे कुठेच बसेनात, म्हणून ते तिने वेगळे काढले. हिरवे ताट भरले होते, पिवळा डबा भरला होता, तेव्हा हाताला लागले ते बादलीचे लाल झाकण. तिने अकरा तुकडे त्यात ठेवले.

दुसऱ्या दिवशी मूर्तीचे हात जुळले. दोन्ही हात छातीशी आणलेले आहेत आणि एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या बोटांना टेकली आहेत. सत्यभामाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग जरा मोठ्यानेच म्हणाल्या, “लेण्यात सुतार लोक यायचे दर्शनाला. त्यांचं म्हणणं, हा इस्वकर्मा हाय, त्यांचा देव. काम करता करता बोटाला लागलं म्हणून बोट धरून बसलाय. म्या म्हणायची, नाय बाबा, आमचा बुद्ध हाय, धम्म सांगतोय. पण कधी भांडण नाय झालं. तेबी हात जोडून जायचे, म्याबी जोडायची.”

“मग खरं काय आज्जी?”

“बुद्धच हाय, व्हय. पण सुतारांचं एक मला लई आवडायचं. लागलेलं बोट त्यानं झाकून नाय ठेवलं. समद्या जगासमोर धरलंय.”

त्या हे कोणाला ऐकवत होत्या ते मला कळले. पलंग करकरला. संघपालनी कूस बदलली, पण उठले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी जे घडले ते आठवले की अजून माझ्या पुठ्ठ्याला कापरे भरते. निशाताई कामावर गेल्या होत्या. सत्यभामाबाई अंघोळीला बसल्या होत्या. दीपमाला दूध आणायला गेली होती. बाहेर घंटागाडीचे गाणे वाजू लागले. घरात दुसरे कोणी नाही, म्हणून संघपाल उठले. चार महिन्यांत घरातल्या कामासाठी ते पहिल्यांदाच उठले होते. डाव्या हातात त्यांनी कचऱ्याची बादली घेतली. वाटेत फळी दिसली. फळीच्या कडेला लाल झाकण होते आणि त्यात पुठ्ठ्याचे काही सुटे तुकडे. कारखान्यातली चौदा वर्षांची सवय. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. वाकले, झाकण उचलले आणि बादलीत रिकामे केले. मी ओरडत होतो, पण माझा आवाज कोणाला ऐकू येणार? गाडी माझे अकरा तुकडे घेऊन निघून गेली. संघपालनी झाकण स्वच्छ धुतले आणि ओट्यावर उपडे घातले.

दीपमाला आली आणि तिने ते झाकण पाहिले. “पप्पा, यातले तुकडे?”

“लाल ट्रेमध्ये होते ना?” असे म्हणता म्हणताच त्यांचा चेहरा उतरला. “टाकले मी.”

“पप्पा, ते रिजेक्ट नव्हते हो,” ती रडत म्हणाली. “त्यांची जागा सापडत नव्हती फक्त.”

संघपाल अनवाणी बाहेर धावले. चौकापर्यंत गेले. गाडी कधीच निघून गेली होती. परत आले आणि दारातच खाली बसले.  मग ते हळू आवाजात म्हणाले, “रडू नको दीपा. एक काम करायला उठलो, तेबी धड झालं नाय. मी पण आता लाल ट्रेमधलाच. इंद्रजीत साहेबांना सांगून टाकतो, माझी वाट बघू नका.”

न्हाणीचे दार उघडले. सत्यभामाबाई ओल्या केसांनीच बाहेर आल्या. त्यांना इतके संतापलेले मी कधी पाहिले नव्हते.

“मग म्या कुठल्या ट्रेमधली रं?” त्या म्हणाल्या. “डोळ्यात मोतीबिंदू, गुडघे गेले, अर्धे दात पडले. मला कधी देतोस गाडीत? उद्या देतोस का?”

“माय, तसं नाय…”

“तसंच हाय. पोरीच्या चित्राला अकरा भोकं पडली. तू पाडलीस. आता तूच बुजव.” एवढे बोलून त्या केस पुसायला गेल्या.

आता, मित्रांनो, भोक कसे बुजवायचे? हरवलेल्या तुकड्याचा आकार कळायला हवा, तर त्याच्या भोवतीचे सगळे तुकडे आधी बसायला हवेत. म्हणजे आधी सगळे चित्र पुरे करायला हवे. त्याला इलाज नव्हता. त्या दिवशी संध्याकाळी संघपाल फळीच्या चौथ्या बाजूला येऊन बसले. रुमाल होता आणि हात मांडीखाली होता. डाव्या हाताने ते वासे लावू लागले. पहिल्या दिवशी फक्त नऊ तुकडे लागले. दुसऱ्या दिवशी चाळीस. तिसऱ्या दिवशी त्यांनी निशाताईंना विचारले, “तुमच्या पॅकिंगला नवीन बाई आली ती टिकली का?” साधाच प्रश्न, पण तो ऐकून निशाताईंनी पदराने डोळे पुसले. चौथ्या दिवशी चित्र पुरे झाले आणि छतात अकरा भोके उरली.

मग खरे काम सुरू झाले. भोकावर पातळ कागद ठेवून निशाताईंनी पेन्सिल घासली, तेव्हा कडांचा आकार कागदावर उमटला. सत्यभामाबाईंनी आपल्या नव्या लुगड्याच्या खोक्याचा पुठ्ठा दिला. जाडी कमी पडली, म्हणून दोन थर चिकटवले. निशाताईंनी कात्रीने पहिला तुकडा कापला आणि दीपमालाने तो भोकावर ठेवला. बसेना.

“घट्ट हाय. डाव्या कडेला केसभर जास्त हाय,” संघपाल म्हणाले. त्यांनी पॉलिश पेपर मागवला आणि डाव्या हाताने तुकडा घासू लागले. पण एका हाताने तुकडा धरायचा की घासायचा? तो सारखा निसटत होता. तीनदा निसटला. चौथ्यांदा निसटला तेव्हा त्यांनी दातांनी रुमालाची गाठ सोडली आणि उजवा हात फळीवर ठेवला.

मी तो हात पहिल्यांदाच पाहत होतो. दीपमालासुद्धा पहिल्यांदाच पाहत होती. दोन बोटांच्या जागी गुलाबी, चकचकीत खुंट होते.  संघपालनी अंगठा आणि करंगळीशेजारचे बोट यांच्यामध्ये तुकडा धरायचा प्रयत्न केला. तुकडा पुन्हा निसटला.

दीपमाला थोडी पुढे सरकली. “पप्पा, तुम्ही तिथं घट्ट दाबून धरा,” ती म्हणाली. “घासते मी.”

ती घासत राहिली आणि ते धरून राहिले. मधूनमधून तुकड्याच्या कडेवरून अंगठा फिरवून ते सांगत, “इथं अजून. बास. आता वरच्या बाजूला.” मग तुकडा बसला. इतका बेताचा बसला की सत्यभामाबाईंनी वरून बोट फिरवले तर सांधा लागला नाही. दुसऱ्या तुकड्याला तासभर लागला. पाचव्याला पाव तास. नववा, दहावा आणि अकरावा संघपालनी एकट्याने घासले. एका हातात तुकडा, दुसऱ्या हातात पॉलिश पेपर. दीपमाला फक्त रंगवत होती. तिचा दगडी रंग जरा लालसर झाला, त्यामुळे ते अकरा तुकडे लांबूनही ओळखू येतात.

सुरुवातीला मला ते आवडले नव्हते. परके तुकडे माझ्या अंगात, तेही वेगळ्या रंगाचे! मी रुसलो होतो. पण त्यांच्या कडांना आजूबाजूचे तुकडे घट्ट धरून होते आणि त्यांना रंगाशी काही देणेघेणे नव्हते. मग मीही तो विषय सोडला. माझे तुकडे का केले होते, तेही मला त्याच दिवशी कळले. अखंड चित्र भिंतीवर टांगतात आणि विसरतात. त्याच्याभोवती कोणी चार दिवस मांडी घालून बसत नाही.

त्या संध्याकाळी फळी पलंगाखाली सरकवली नाही. ती मध्येच राहू दिली आणि तिच्या कडेने चार ताटे वाढली. संघपाल उजव्या हाताने जेवले. भाताची थोडी शिते सांडली. सत्यभामाबाईंनी ती गुपचूप वेचली.

जेवण झाल्यावर संघपालनी फोन लावला. “साहेब, संघपाल बोलतोय. दोन तारखेला येतो.” पलीकडून काहीतरी विचारले गेले. संघपालनी आपल्या हाताकडे एकदा पाहिले. “हात? हात हाय तसाच हाय साहेब. पण केसभराचा फरक कळतोय त्याला.”

मित्रांनो, मी पुठ्ठ्याचा डबा. मला मोठा उपदेश जमत नाही. सुट्टी लागली की मला किंवा माझ्यासारख्या कोणाला बाहेर काढा आणि घरातल्या सगळ्यांना भोवती बसवा. तुकडे हरवू नका, ओल्या जागी ठेवू नका. आणि घरातले एखादे माणूस भिंतीकडे तोंड करून पडले असेल, तर ‘आता याचा काय उपयोग’ असे मनातसुद्धा आणू नका. त्याला हाक मारा. आले नाही, तर उद्या पुन्हा हाक मारा. दोन जूनला सकाळी संघपाल कामावर निघाले, तेव्हा रुमाल दोरीवर वाळत होता. दीपमाला फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर गेली. तिने त्यांचा उजवा हात धरला होता.